ध्वनिपरिवर्तक चिपांची पारख

घरीं आपल्या हातांनीं एखादें यंत्र जोडावें, ही हौस आपल्या मध्यमवर्गीय घरांत नवी नाहीं. एके काळीं रेडिओ जोडणारा मुलगा बहुतेक आळींत असे. आतां त्याच वयाचीं मुलें तबकडीवरील संगीत ऐकविणारे परिवर्तक जोडतात. या छंदांत कांहीं जुन्या चिपांना सोन्याचें मोल आलें आहे, आणि जेथें सोनें तेथें मुलामा हा ठरलेलाच. आमच्या घरीं या मुलाम्याचा जो अनुभव आला तो वाचकांपुढें ठेवल्यास कोणा होतकरू मुलाचे कष्टाचे पैसे वांचतील, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम परिवर्तक म्हणजे काय तें पाहूं. सन १९८२ च्या ऑक्टोबरांत जपानांत विक्रीस आलेल्या सीडीवर साक्षात् ध्वनि नसतो. असतात ते आंकडे. दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनिलहरीचें माप घेऊन तें आंकड्यानें नोंदलेलें असतें. प्रत्येक आंकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एक पायरी दाखविणारा असतो. या आंकड्यांवरून पुनः विद्युत्प्रवाह घडविणें, हें परिवर्तक चिपेचें काम.

फिलिप्स कंपनीच्या आरंभीच्या यंत्रांत टीडीए १५४० ही १४ बिटांची चिप असे. १९८० च्या दशकाच्या मध्यास टीडीए १५४१ ही १६ बिटांची, २८ पायांची चिप निघाली, आणि मागून तिची सुधारलेली आवृत्ति टीडीए १५४१ए. अशा चिपेंतील सर्वांत मोठा प्रवाह सर्वांत लहान प्रवाहाच्या ३२,७६८ पट असावा लागतो, आणि मधली प्रत्येक पायरी बरोबर दुप्पट. इतके तंतोतंत वाटे पाडणें कठीण. म्हणून रुडी व्हॅन डी प्लाश या डच अभियंत्यानें वांट्यांची सतत अदलाबदल करून त्यांतील उणेंअधिक सरासरीनें नाहींसें करण्याची युक्ति काढली. तयार चिपा मोजून त्यांतील विशेष अचूक निघालेल्यांवर मुकुटाची खूण छापीत व त्यांना 'एस१' म्हणत. पुढें एकबिटी पद्धति आली. तिला असे काटेकोर वाटे लागत नाहींत. ती स्वस्त पडली, आणि जुन्या चिपा कालांतरानें बंद झाल्या. १९९० च्या दशकांत जपानांतील रयोहेई कुसुनोकी यांनीं मधलें अंकीय गाळण वगळण्याचा पुरस्कार केला, आणि हौशी मंडळींत या चिपांची मागणी वाढली. सांठा मात्र वाढणार कोठून?

आमच्या कै. थोरल्या बंधूंचे चिरंजीव नुकतेच नोकरीस लागले आहेत. त्यांनीं अर्ध्या महिन्याचें वेतन खर्चून परदेशांतील एका विक्रेत्याकडून मुकुटाच्या दोन चिपा मागविल्या. परिवर्तक पुरा झाला त्या रात्रीं घरांतील सर्व लहानथोर माजघरांत जमलीं. दादांच्या संग्रहांतील अभंगांची तबकडी लावली. स्वरांत काय गोडवा आला आहे, असें जो तो म्हणूं लागला. आणि सर्वांआधीं तसें म्हणणारे आम्हीच होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पुढें मुलानें मापें घेतलीं. पूर्ण आवाजाच्या हजाराव्या भागाइतका बारीक सूर सोडला, तर आलेखांत त्या सुराभोंवतीं नको त्या सुरांचें रान माजलेलें! चिप काढून कापसाच्या बोळ्यानें ॲसिटोन लावलें, तों बोळा काळा झाला. वरचा काळा लेप निघून खालीं घासकागदाच्या रेघा दिसल्या. कोणत्या तरी हलक्या चिपेवरील अक्षरें खरवडून तीवर मुकुट चढविला होता. विक्रेत्यानें पत्रांस उत्तर दिलें नाहीं.

"काका, आतां बाबांच्या यंत्रांतलीच काढतों," असें मुलगा म्हणाला. दादांचें जुनें फिलिप्सचें यंत्र आमच्या घरीं आजही चालू आहे, आणि त्यांत अस्सल टीडीए १५४१ आहे. त्यावर वहिनी एवढेंच म्हणाल्या, "तें गातें आहे तोंवर त्याचें काळीज काढूं नको." मुलगा उगा राहिला. दोन महिन्यांनीं जुन्या बाजारांत त्याला तशाच जातीचें एक मेलेलें यंत्र मिळालें. त्याची मोटर व भिंग गेलें होतें, परंतु चिप शाबूत होती. ती बसविली तेव्हां आलेखांतलें रान नाहींसें झालें. तीवर मुकुट नव्हता.

या प्रकरणांतून आम्ही जें शिकलों तें असें. पहिलें, चिपेच्या पाठीवरील सांच्याचे गोल खळगे पाहावेत. अस्सल चिपेंत त्यांची कड स्पष्ट असते. घासून लेप दिलेल्या चिपेंत ते उथळ किंवा भरलेले दिसतात. दुसरें, ॲसिटोननें अक्षरें पुसलीं म्हणून चिप खोटी ठरत नाहीं, कारण अस्सल शाईही कधीं कधीं जाते. परंतु कोऱ्या जागेवरून काळा रंग सुटला तर संशयास जागा उरत नाहीं. तिसरें, वर्ष व आठवडा दाखविणारे आंकडे वाचावेत. ती जात जन्मण्यापूर्वींची तारीख छापणारे महाभाग आहेत! चौथें, पाय पाहावेत. नवी म्हणून विकलेल्या चिपेच्या पायांवर जुन्या डाखाचे अवशेष असले तर विक्रेता खोटें बोलतो आहे. जुन्या यंत्रांतून काढलेली चिप तशी सांगून विकणें यांत मात्र गैर कांहीं नाहीं. उलट, ज्या यंत्रांतून ती निघाली त्याचें चित्र मिळाल्यास तीच अधिक विश्वासाची. पांचवें, चिपेसाठीं बैठक बसवावी, म्हणजे ती डाख न देतां बदलतां येते. आणि ती +५, −५ व −१५ असे तीन दाब मागते, ते आधीं तपासून मगच ती बसवावी. शेवटचें आणि मुख्य, निर्णय मापावर करावा, कानावर एकट्यावर नव्हे. कान मुकुट पाहून ऐकतो, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

ज्याला केवळ चांगलें संगीत ऐकावयाचें आहे त्यानें आज तयार होणारी परिवर्तक चिप अधिकृत वितरकाकडून घ्यावी. मोजमापांत ती या जुन्या चिपांहून सरस ठरते. जुन्याचीच आवड असेल त्यानें मेलेलीं यंत्रें शोधावीं. चालतीं मारूं नयेत. मुलानें त्या दोन खोट्या चिपा फेंकल्या नाहींत. परिवर्तकाच्या पेटीच्या झांकणाला आंतून त्या चिकटविल्या आहेत. पेटी उघडली कीं प्रथम त्याच दिसतात. दादांचें यंत्र माजघरांत आहे, आणि सकाळीं वहिनी त्यावरच अभंग लावतात.