दाढ काढायची, पण गोळी चालू ठेवून

तोरण्याच्या पायथ्याशी भातकापणी चालू असते तेव्हा दुखऱ्या दाढेची पाळी सगळ्यात शेवटी येते. दाढेत लवंग धरायची, हिरडीला मिश्री चोळायची आणि ‘कापणी उरकली की दाखवू’ म्हणायचं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं ठणका दबल्यासारखा वाटतो, पण हिरड्या झिजतात आणि हृदयालाही ती बाधते. ज्याच्या छातीत स्प्रिंग (स्टेंट) बसवली आहे किंवा झडप बदललेली आहे, त्यानं तर दाढ अशी अंगावर काढूच नये.

असा माणूस दाताच्या डॉक्टरकडे जायला निघतो तेव्हा रक्त फार जाईल या भीतीनं दोन दिवस आधीच रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करतो. मला सर्वांत धास्ती वाटते ती याची. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अचानक थांबवलं तर नव्या स्प्रिंगमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. दाढेच्या जागेचं रक्त कापसाच्या घडीनं दाबून, टाका घालून, ट्रानेक्झामिक ॲसिड लावून थांबवता येतं. झडपेसाठी ॲसेनोकुमेरॉल किंवा वॉरफॅरिन चालू असेल तर आदल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तपासतात. तो साडेतीनपर्यंत असला तर साधी दाढ सहसा गोळी न थांबवता काढता येते. दातदुखीवर दुकानातून आणलेली मेट्रोनिडाझोल मात्र हाच आयएनआर भराभर वाढवते. आयब्युप्रोफेननंही रक्तस्राव वाढतो. दुखण्याला पॅरासिटामॉल बरी.

दुसरी गोष्ट जंतूंची. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि कृत्रिम झडपेवर घर करू शकतात. म्हणून कृत्रिम झडप असलेल्यांना, पूर्वी असा संसर्ग होऊन गेलेल्यांना आणि जन्मजात हृदयदोषाच्या काही रुग्णांना दाढ काढण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिनचे २ ग्रॅम देतात. सरसकट सगळ्या हृदयरुग्णांना ते लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००७ साली ही यादी आखडती केली. २०२१ साली पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठीचं क्लिंडामायसिनही वगळलं. लहानपणच्या सांधेतापानं झडप बिघडलेले रुग्ण आपल्याकडे बरेच आहेत. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यानं ते दाताच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्याला गरज पडली तर वेगळं औषध निवडावं लागतं.

भुलीच्या इंजेक्शनात मिसळलेलं ॲड्रिनॅलिनही मोजून देतात: हृदयरुग्णाला एका वेळी ०.०४ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे १:८०,००० च्या द्रावणाचे जेमतेम तीन मिलिलिटर. भूल अर्धवट देणं जास्त वाईट, कारण वेदनेनं शरीर स्वतःच ॲड्रिनॅलिन सोडतं.

इथं अंतराचाही हिशेब ठेवावा लागतो. वेल्ह्याहून विंझर, मार्गासनी करत नसरापूर, मग चेलाडी फाट्याला हमरस्ता. केळदकडच्या माणसाला वेल्हंच लांब. रात्री रक्त सुरू झालं तर धावणार कुठे? म्हणून वेळ सकाळची घ्यावी, एका बैठकीत एकच दाढ काढावी, आणि रक्त थांबल्याची खात्री होईपर्यंत दवाखान्याजवळच बसावं. सोबत हृदयाची फाईल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जिभेखालची गोळी असावी.

आणि चढण चढताना खालचा जबडा भरून येतो, बसलं की थांबतो, तर ते दुखणं दाताचं नसूही शकतं. आधी ईसीजी काढून घ्यावा. बसूनही थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर लगेच १०८.