दत्तक कुत्र्याचा लहान मुलांशी परिचय

दत्तक घेतलेल्या कुत्र्याला घरातील मुलांच्या सहवासाची टप्प्याटप्प्याने सवय लावणे हा श्वानसंगोपनाचा महत्त्वाचा भाग आहे. पिंपरी-चिंचवडमधील दापोडीसारख्या दाट वस्तीत घर लहान आणि मुलांची वर्दळ मोठी असते. रस्त्यावर वाढलेल्या गावठी कुत्र्याला मुलांचे धावणे, किंचाळणे किंवा अचानक मिठी मारणे धोक्याचे वाटू शकते.

पद्धत

सुरुवातीला कुत्र्याला मुले जाणार नाहीत असा कोपरा दिला जातो; एका खोलीच्या घरात पलंगाखालची जागाही पुरते. भेटीच्या वेळी कुत्रा पट्ट्याने बांधून प्रौढ व्यक्तीजवळ ठेवतात. मूल शांत बसून राहते आणि जवळ यायचे की नाही, हे कुत्रा ठरवतो. तो खात किंवा झोपलेला असताना मुलांनी त्याला स्पर्श करू नये.

देहबोली

वारंवार जांभई देणे, ओठ चाटणे, मान फिरवणे, शेपटी पायांत घेणे आणि अंग ताठ होणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. गुरगुरणे हा इशारा असतो. त्याबद्दल शिक्षा केल्यास कुत्रा इशारा देणे सोडून थेट चावण्याची शक्यता वाढते. अशा वेळी मुलाला शांतपणे दूर नेणे योग्य ठरते.

सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेनुसार, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार पाळीव प्राण्याचे लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ वैद्यकीय उपचार घ्यावेत. कुत्रा कितीही शांत असला, तरी लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये.