दुर्बिणीला पाय किती?

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे मराठी विभागाने लेख मागितला तेव्हा मी तीन दिवस मेसमध्ये तोंड लपवून जेवत होते. शेवटी "विषय तुझा, ऱ्हस्व-दीर्घ आमचे" असा करार झाला. विषय म्हणजे आमच्या आकाशदर्शन ग्रुपमध्ये वर्षभर चाललेलं भांडण. दुर्बीण ट्रायपॉडवरच ठेवायची, की तिच्यासाठी कायमचा खांब, म्हणजे पिअर, उभारायचा?

दुर्बीण म्हटलं की जो तो आरसा किती इंची ते विचारतो. पायांची चौकशी कोणीच करत नाही. आम्हीही केली नव्हती. आमची सहा इंची न्यूटोनियन, इक्वेटोरियल माउंट आणि सोबत फुकट आलेला ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड. हॉस्टेलच्या गच्चीवर ग्राउंडचे फ्लडलाइट डोळ्यांत येतात, म्हणून २०२४ च्या डिसेंबरात आम्ही पाच जणांनी ती उचलून कासूला नेली. कासू म्हणजे पेण आणि नागोठण्याच्या मधलं स्टेशन. तिथे माझं आजोळ.

त्या महिन्यात गुरू पृथ्वीच्या अगदी जवळ होता, त्याची चकती ४८ आर्कसेकंदांची. आता जरा गणित. एक मीटर लांब नळीचं एक टोक फक्त पाव मिलिमीटर हललं, की गुरू आपल्या अख्ख्या रुंदीएवढा सरकतो. मामाच्या घराच्या स्लॅबवर आम्ही ट्रायपॉड लावला. मामी वाळवण काढायला चालत आली, आणि प्रत्येक पावलागणिक गुरू भांगडा करायला लागला! स्लॅब म्हणजे चार भिंतींवर ताणलेला ढोलच.

मग खाली अंगणात आलो. पावलांचा त्रास कमी झाला, पण नवीन प्रकार. माउंटला उलट्या बाजूने तोल सांभाळायला वजन असतं, ते ट्रायपॉडच्या पायावर खण्णकन आपटलं. मला वाटलं, जोडण्यात चूक झाली. पण चूक आमची नव्हती, आपल्या अक्षांशाची होती. इक्वेटोरियल माउंटचा मुख्य अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. कासूला साधारण साडेअठरा अंश. लंडनला हाच अक्ष साडेएक्कावन्न अंश उभा असतो, तिथे वजनाची दांडी पायांपासून लांब फिरते. आपल्याकडे अक्ष जवळजवळ आडवा, त्यामुळे गुरू पूर्वेला नुकताच उगवलेला असताना दांडी सरळ खाली लोंबते, नेमकी उत्तरेकडच्या पायावर. बरं, ट्रायपॉड फिरवून उत्तरेला दोन पाय केले तर वजन मधून जातं, पण तोल बिघडतो. कारण समभुज त्रिकोणात मध्यापासून बाजू ही कोपऱ्याच्या निम्म्याच अंतरावर असते, आणि आपल्याकडे माउंटचा सगळा भार उत्तरेलाच झुकलेला.

साडेनऊच्या सुमारास मालगाडी गेली. मी घड्याळ लावलं होतं. गाडी गेल्यानंतरही चित्र थांबायला पाच सेकंद लागले.

आजीला गुरू दाखवायचा होता. ती चार फूट आठ इंच. तोपर्यंत गुरू डोक्यावर आलेला, आयपीस माझ्याच डोळ्यांच्या वर. मामाने स्टूल आणलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गुडघे कुरकुरणारे. एका पायरीवर चढून ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो बाय, तुमीच बगा." आणि आत गेली. भांडण खरं तर तिथून सुरू झालं.

माझं म्हणणं, खांब हवा. बाकीच्यांचं म्हणणं, खांब कासूला पुरला की दुर्बीण कासूची झाली, मग हॉस्टेलने काय करायचं? मुद्दा बरोबर होता. खांब हा एका जागेशी केलेला करार असतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथली वीस इंची ग्रब दुर्बीण प्रा. कावसजी नायगमवाला वापरत. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. यंत्र गाडीत घालून नेता येतं, पाया नाही. आमच्याच जिल्ह्यातलं अलिबागचं उदाहरण उलट बाजूचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. म्हणजे जागा आधी, खांब नंतर.

तोडगा सिव्हिलच्या मित्राने काढला. खांबाच्या डोक्यावर ट्रायपॉडच्याच बोल्टची प्लेट बसवायची. माउंट येतं-जातं, लोखंड फक्त तिथे राहतं. गॅदरिंगच्या वडापाव स्टॉलचे पैसे होतेच.

जागा मी ठरवली होती, परसातली. मेमध्ये खणायच्या आदल्या रात्री सहज होकायंत्र घेऊन उभी राहिले, तर ध्रुवतारा आंब्याच्या मागे! साडेअठरा अंश म्हणजे किती खाली, हे वहीत कळतं पण अंगणात कळत नाही. मामा म्हणाला, फांदी छाटू. आजी म्हणाली, आंब्याला हात लावायचा नाही. खड्डा बारा फूट सरकला. तुम्ही खांब लावणार असाल तर एक रात्र आधी तिथे उभे राहा, एवढं तरी या लेखातून घ्या.

वरची माती भातशेतीची, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी. तिच्यावर पाया ठेवला तर दर वर्षी अक्ष हलणार. तीन फुटांवर मुरूम लागला, तिथपर्यंत काँक्रीट नेलं. मामाला सगळीकडे कोबा करायचा होता. आम्ही खांबाभोवती दोन बोटं फट सोडायला लावली, म्हणजे चालणाऱ्याचा धक्का खांबाला जात नाही. मोठ्या वेधशाळांतही दुर्बिणीचा खांब इमारतीच्या पायाला चिकटू देत नाहीत, ते याचसाठी. पेणच्या भंगारातून सहा इंची लोखंडी पाइप आणला. चार इंची स्वस्त होता, पण जाडी तीच ठेवून व्यास दीडपट केला की ताठरपणा तिपटीहून जास्त वाढतो. आत कोरडी वाळू ठासली, नाहीतर पाइप घंटेसारखा घुमत राहतो.

राहिली उंची. मुलं म्हणाली चार फूट, उभ्याने बघायला बरं. मी म्हटलं दोन. आजी हे कारण सांगितलं असतं तर सगळे हसले असते, म्हणून मी सूत्र सांगितलं: वाकणं उंचीच्या घनाच्या प्रमाणात, उंची निम्मी केली की आठ पट कमी. सूत्रापुढे इंजिनियर गप्प बसतो. क्षितिजाजवळचं काही बघायचं तर आम्हाला गुडघे टेकावे लागतात, ते चालतंय.

हॉस्टेलवाल्यांनी मात्र ट्रायपॉडच ठेवावा. पाय पूर्ण बाहेर काढू नका, पायांखाली जाड रबर घाला, मध्ये वजन टांगा. आम्ही भाताचं अर्धं पोतं टांगलं होतं, मेसमधून तेवढं मिळायला हरकत नाही. आणि घेण्याआधी नळीला टिचकी मारून सेकंद मोजा. दोनच्या वर गेले तर पुढच्या दुकानात.

पावसाळाभर खांबावर घमेलं उपडं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये माउंट चढवलं. मालगाडी आली, चित्र थरथरलं आणि एका सेकंदात थांबलं. शनी दक्षिणेला वर आलेला. आजी पाटावर उभी राहिली, स्टूल नाही. त्या महिन्यात शनीची कडी आपल्याला जवळजवळ काठावरून दिसत होती, नुसती एक रेघ. ती बराच वेळ बघत होती.

"यो तर मणी हाय," ती म्हणाली. "सुईत ओवलेला. कडं कुठं हाय?"

मी सांगितलं, कडं आडवं झालंय, दोन-तीन वर्षांत पुन्हा उघडेल. तिने खांबाला हात लावून पाहिला आणि मामाला म्हणाली, "ह्याला रंग दे रे परत, गंजंल."