सेकंदाला सोळा ठोके

‘डेथ मेटल’ हे नाव ऐकल्यावर निम्मी मंडळी रेडिओचे बटण फिरवतील, हे मला ठाऊक आहे. मृत्यू आणि धातू, यात संगीत आले कुठे? पण थोडा धीर धरा. तलासरी तालुक्यातल्या आमच्या उधव्यापर्यंत हे संगीत मोबाइलवरून केव्हाच येऊन पोचले आहे. वापी-सिल्वासाच्या कारखान्यांत पाळीला जाणारी काही पोरे कानात बोंडे घालून तेच ऐकतात. ज्याला आपण गोंगाट म्हणतो, त्यात त्यांना काय गोडी वाटते, ते आज पाहू.

हे संगीत काही परदेशातच होते असे नाही. मुंबईचा ‘गटस्लिट’ हा वाद्यवृंद २००७ साली सुरू झाला. २०१७ साली त्यांचा ‘अ‍ॅम्प्युथिएटर’ हा अल्बम निघाला, तोही मुंबईच्याच ‘ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी’ या कंपनीकडून. पगडी बांधून बेस गिटार वाजवणारे गुरदीप सिंग नारंग ही या वृंदाची ओळख. अल्बमवर आवाज आहे आदित्य बर्वे यांचा. या घराण्याचे मूळ मात्र अमेरिकेतल्या फ्लोरिडात सापडते. तिथल्या ‘डेथ’ नावाच्याच वृंदाचा पहिला अल्बम १९८७ साली आला. त्याचा प्रमुख चक शुल्डिनर याने १९९१ च्या ‘ह्यूमन’ या अल्बममध्ये हे संगीत फार अवघड आणि नेमके करून दाखवले. २००१ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी मेंदूतल्या गाठीने तो गेला. पण वेग आणि हिशेब यांचा त्याने जमवलेला मेळ पुढे देशोदेशी पसरला.

आता वेगाचा हिशेब करू. मिनिटाला २४० मात्रांची लय धरा. म्हणजे सेकंदाला चार मात्रा. एका मात्रेत ड्रमवाला चार आघात करतो, म्हणजे सेकंदाला सोळा ठोके. दोन्ही पायांखाली दोन पेडल असतात, म्हणूनच हे जमते. आपल्या कानाची एक मर्यादा आहे. सेकंदाला साधारण वीसपर्यंतचे ठोके कान सुटे सुटे ऐकतो. त्यापलीकडे ते एकमेकांत मिसळतात आणि एक सलग सूर ऐकू येऊ लागतो. सोळा ठोके अगदी या वेशीवर येतात. दाणे वेगळे मोजता येत नाहीत आणि त्यांचे पीठही झालेले नसते. ऐकणाऱ्याला जी झिंग येते, ती बरीचशी या जागेची आहे.

तबला ऐकणाऱ्यांना ही जागा नवी नाही. ‘धिरधिर किटतक’चा रेला चांगल्या हातातून निघाला की अक्षरे मोजणे आपण सोडून देतो, पण एखादे अक्षर दबले तर लगेच कळते. मी स्वतः थोडाफार तबला वाजवला आहे. नुसता वेग वाढवणे सोपे असते. वेगात अक्षर स्वच्छ ठेवायला वर्षे जातात. गिटारवालेही तेच करतात. तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या, त्यात विजेने आवाज खरखरीत केलेला. असा आवाज मोकळा सोडला तर सगळाच चिखल होईल. म्हणून उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून प्रत्येक सुराची आस तिथल्या तिथे तोडतात. मग सात, पाच, नऊ अशा मात्रांच्या तुकड्या येतात. आणि धावता धावता लय एकदम निम्म्यावर उतरते. त्या क्षणी ऐकणाऱ्यांच्या माना एकाच वेळी खाली जातात. समेवर आपली मान हलते, तशीच.

आमच्याकडचा तारपा आठवा. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचे तोंड आणि सांध्यांना मेण. वाजवणारा नाकाने श्वास घेत असतो आणि गालात साठवलेली हवा फुंकत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांच्या साखळीचे पाऊल बदलते. परक्या माणसाला तारपा रात्रभर एकसारखाच वाटतो. साखळीत हात गुंफलेल्याला मात्र प्रत्येक बदल पायात कळतो. संगीताची दाराबाहेरून केलेली पारख अशीच अपुरी असते.

राहिला प्रश्न त्यातल्या रक्ताचा. गाण्यांचे विषय मृत्यू आणि छळाचे. अ‍ॅम्प्युथिएटर हे नावच अवयव कापणे आणि प्रेक्षागार हे दोन इंग्रजी शब्द जोडून केलेले. माझा पुतण्या हेच ऐकतो, म्हणून त्याच्या आईने मला काळजीने विचारले, “भावजी, पोरगं बिघडलं तर नाही ना?” मी तिला जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याची आठवण दिली. दैत्यांचे मोठमोठे मुखवटे चढवून माणसे रात्रभर नाचतात, लहान मुले भेदरून आईला बिलगतात, आणि सकाळी तोच दैत्य शेतावर जातो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक आहे आणि बीभत्सही आहे. भीती आणि किळस यांनाही मांडवात एक जागा लागते. तो घुमणारा आवाजदेखील मुखवटाच आहे. स्वरतंतूंच्या वर मांसल घड्या असतात, त्या श्वासाने थरथरवून तो काढतात. शिकून काढला नाही तर गळा बसतो.

वहिनींना मी एवढेच म्हटले, की पोरगा काय ऐकतो याच्यापेक्षा तो जेवतो का, झोपतो का, चार माणसांत बोलतो का, ते पाहा. यातले काही बिनसले असेल, तर त्याचे कारण गाण्यात शोधत बसू नका, त्याच्याजवळ बसा. आणि आवाज कमी ठेवायला मात्र जरूर सांगा. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा मानतात. आवाज जितका जास्त, तितकी ही मुदत झपाट्याने कमी होते. कारखान्याच्या खडखडाटावर मात करायला बोंड्यांचा आवाज वाढवला, की कान दोन्हीकडून झिजतो.

तुम्हाला ऐकून पाहायचे असेल, तर एकच गाणे घ्या आणि तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त ड्रमवाल्याचे पाय ऐका. दुसऱ्यांदा गिटार कुठे थांबते तेवढेच पाहा, कारण या संगीताचे व्याकरण थांबण्यात आहे. तिसऱ्यांदा सगळे मिळून ऐका. आवडलेच पाहिजे अशी सक्ती नाही. मलाही सगळे आवडत नाही. पण तोवर घरातल्या पोराला विचारण्याजोगा एखादा प्रश्न तुमच्याकडे नक्की तयार झालेला असेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)