दप्तरांतील फारसी

आमच्या विद्यार्थ्यांच्या खांद्यावर रोज जें दप्तर असतें, त्याचें नांव फारसींतून आलेलें आहे. आणि फारसींत तें मूळ ग्रीक भाषेंतील 'कातडें' या अर्थाच्या शब्दावरून आलें, कारण पूर्वी लेख कातड्यावर लिहीत असत. शाई, कागद, हजेरी, रजा हे शब्दहि फारसीनेंच आमच्या हातीं दिले. त्यांतील कांहींचें मूळ अरबी आहे. गुरुजी 'शाबास' म्हणतात, तेव्हां 'आनंदी राहा' असा फारसी आशीर्वादच देतात. आमच्या जिल्ह्यांतील बेदाणा म्हणजे 'बी नसलेला'; आणि मोंगल अमदानींत खुद्द नाशिकास गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचें नगर, म्हणत असत.

हे शब्द परके म्हणून टाकावे, कीं आपले म्हणून ठेवावे? प्रश्न जुना आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं 'राज्यव्यवहारकोश' रचून दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्यास मुख्य प्रधान व सरनोबतास सेनापति म्हणूं लागले तें याच धोरणानें. पुढें इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १६२८, १६७७ व १७२८ या सालांचें एकेक पत्र घेऊन त्यांतील शब्द मोजले. पहिल्या पत्रांत फारसीचा भरणा होता, शेवटच्यांत ती अगदीं थोडी उरली होती. तथापि जे शब्द लोकांच्या तोंडीं रुळले, ते गेले नाहींत. त्यापूर्वींच पैठणच्या एकनाथांनीं कचेरींतील अर्जाचा थाट घेऊन 'अर्जदस्त' हें भारूड रचलें होतें. सरकारदरबारची भाषा अशी भक्तीच्याहि उपयोगीं पडली.

या विषयाचा मराठींतील मोठा अभ्यास माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, यांचा होय. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत व नंतर कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत फारसी शिकवीत. १९२५ सालीं त्यांनीं 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला, आणि उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठींत आणल्या. हेच गृहस्थ पुढें भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले व १९३८ सालीं त्यांनीं 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला. कित्येकांस यांत विसंगति दिसते. आम्हांस मात्र त्यांत बोध दिसतो: ज्यानें शब्दाचें घराणें शोधलें, त्यासच तो ठेवावा कीं टाकावा हें सांगण्याचा अधिकार पोंचतो. न शोधतां केलेला त्याग व न शोधतां केलेला स्वीकार, दोन्ही सारखेच आंधळे.

याची गरज केवळ पंडितांसच आहे असें नाहीं. जुन्या मोडी पत्रांत सालाचा आंकडा पुष्कळदां अरबी शब्दांनीं लिहिलेला असतो. 'खमस' म्हणजे पांच, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं पणजोबांची सनद आली तरी ती कोणत्या वर्षाची तें त्यास कळणार नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत अशा कागदांचे ढीगच्या ढीग आहेत, आणि ते वाचणारे थोडे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, रोज एका शब्दाचें मूळ कोशांत पाहावें. आणि पालकांस विनंति ही कीं, माळ्यावरील जुनें बासन वाचतां येत नाहीं एवढ्याच कारणानें रद्दींत घालूं नये. तें वाचणारा कदाचित् आपल्याच घरीं आज दप्तर घेऊन शाळेस निघाला असेल.