मुंबईचे तास, सुरतेचे घर

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाला तीन गोष्टी आठवतात. १६६४ व १६७० साली शिवाजी महाराजांनी केलेली लूट, १९०७ साली तेथे मोडलेले काँग्रेसचे अधिवेशन, आणि ‘सुरतेचे जेवण अन् काशीचे मरण’ ही म्हण. या तिहींशी फारसा संबंध नसलेली एक चौथी सुरतही आहे. लिंबायत, उधना, दिंडोली, गोडादरा, पांडेसरा या तिच्या वस्त्या. तेथे सकाळी नळावर, भाजीच्या गाडीवर किंवा कारखान्याच्या दारात जी भाषा कानी पडते ती पुष्कळदा धुळे-जळगावकडची असते. हा मराठी मनुष्य सुरतेस लुटीसाठी आला नाही, अधिवेशनासाठी नाही आणि जेवणासाठी तर नाहीच. तो आला यंत्रमागासाठी.

तो मुंबईस न जाता सुरतेस का आला, याचे पहिले उत्तर नकाशातच सापडते. तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईस उगम पावते, भुसावळावरून खानदेशात उतरते, प्रकाशावरून पुढे उकाईच्या धरणात शिरते आणि सुरत ओलांडून समुद्रास मिळते. याच खोऱ्याच्या आधाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग घालण्यात आला. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार या गावांच्या माणसाला तेव्हापासून सुरत हे मुंबईपेक्षा जवळचे शहर झाले. नंदुरबारकर रेल्वेने मुंबईस निघाला तरी सुरतेच्या वेशीवरूनच त्याला जावे लागते. १ मे १९६० पर्यंत या प्रवासात राज्यही बदलत नसे. आज नवापूरच्या स्थानकात फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. प्रवाशाला त्याची जाणीव असतेच असे नाही. आपण परराज्यात आलो हे त्याला पुढे मुलांच्या शाळेच्या वेळी कळते.

दुसरे उत्तर मागाचे आहे. खानदेश हा कापसाचा मुलूख. जळगावची खानदेश मिल, अमळनेर व धुळे येथील प्रताप मिला, चाळीसगावची गिरणी यांनी तेथील पिढ्यांना साच्याची ओळख करून दिली होती. त्या एकामागून एक बंद पडल्या. त्यातच १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे दिवस फिरले. कापड मात्र कोठे तरी विणले जाणारच होते. ते भिवंडीस, मालेगावास, इचलकरंजीस गेले, आणि नायलॉन-पॉलिएस्टरच्या साडीचा मोठा हिस्सा सुरतेकडे आला. मागापाठोपाठ माणसेही आली.

आता या दोन शहरांतील दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. मुंबईचा गिरणी कामगार आठ तासांची पाळी करी. भोंगा झाला की साचेखात्यात शिरावे आणि दुसरा भोंगा झाला की बाहेर पडावे. उरलेला वेळ त्याचा स्वतःचा असे. भजनी मंडळ, कामगार रंगभूमी, व्यायामशाळा, गणेशोत्सव, युनियनची सभा या सगळ्यांचा जन्म त्या उरलेल्या वेळात झाला. पण घर? बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. कोकणातून वा घाटावरून आलेली माणसे अशा एकेका गाळ्यात दाटीने राहत आणि जेवणासाठी खानावळीत जात. बायको-मुले गावी आणि दरमहा मनिऑर्डर, हा कित्येकांचा आयुष्यभराचा संसार. या खानावळी चालवणाऱ्या बायांसाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, यावरूनच त्या व्यवस्थेचा पसारा ध्यानी यावा.

सुरतेत हा हिशेब उलटा आहे. तेथील ‘खात्यात’ (मागांच्या कारखान्याला तेथे खातेच म्हणतात) पाळी बारा तासांची. सकाळी सातला आत गेलेला कारागीर संध्याकाळी सातला बाहेर येतो, आणि त्याच्या मागावर दुसरा उभा राहतो. मजुरी बहुधा विणलेल्या मीटरवर असते. ताणा तुटला, वीज गेली, बीम संपला, तर तेवढा वेळ कामगाराच्याच खिशातून जातो. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ७२ तास. फरक २४ तासांचा. दर आठवड्याला एक अख्खा दिवस आणि रात्र मुंबईच्या गिरणी कामगारापाशी होती, ती सुरतेच्या कारागिरापाशी नाही. खाती लहान, विखुरलेली आणि कामगार सतत बदलणारे, त्यामुळे युनियनचे मूळही तेथे धरले नाही. सुरतेच्या मराठी वस्तीतून गिरणगावासारखा शाहीर किंवा नाटककार का निघाला नाही, असे कोणी विचारले तर त्याने आधी घड्याळाकडे पाहावे.

मात्र तास घेऊन सुरतेने घर दिले. शहराच्या पूर्व व दक्षिण कडेला शेतजमिनींचे तुकडे पाडून ‘सोसायट्या’ निघाल्या. तेथे अरुंदशी जागा घ्यावी, आधी एक खोली बांधावी, चार वर्षांनी वर मजला चढवावा, आणि तो भाड्याने द्यावा, अशी रीत पडली. कागदपत्रे सर्वच ठिकाणी पक्की होती असे नाही, गटारे तर फार उशिरा आली. पण दाराला स्वतःचे कुलूप होते आणि खाते सायकलच्या टप्प्यात होते. म्हणून खानदेशी मनुष्य बायको-मुलांसह आला. बायकांना घरबसल्या काम मिळाले: साडीला लेसपट्टी लावणे, टिकल्या चिकटवणे, सुटे धागे कापणे. मोल नगावर, आणि तेही तुटपुंजे; तरीही गावी राहून मनिऑर्डरची वाट पाहण्यापेक्षा ते बरे, असे कोणतीही गृहिणी म्हणेल. गिरणगावाच्या गाळ्याचे चित्र सुरतेत पाहावयाचे असेल तर ते ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेल्या कामगारांच्या ‘मेस’मध्ये दिसते. तेथे दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला की त्याच जागी रातपाळीचा येऊन पडतो. गाव हजार मैलांच्या आसपास दूर असले म्हणजे घर आणता येत नाही. एका रात्रीच्या अंतरावर असले म्हणजे आणता येते.

खाण्यापिण्यात दोन प्रदेशांचे गोत्र जुळते, तरी व्यवहार वेगळा. थंडीत सुरतेस ‘पोंक’ मिळतो. तो म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. देशावर हुरडा कोणाच्या तरी शेतावर आगटीभोवती बसून, आग्रहाने, फुकट खावयाचा. सुरतेत तो तराजूत तोलून, शेवेबरोबर विकत घ्यावयाचा. म्हणीतले जेवण ते हेच. मात्र रातपाळी करून आलेल्या माणसाचे जेवण खानदेशचेच राहिले आहे. कळण्याची भाकरी, शेवभाजी, हिवाळ्यात वांग्याचे भरीत.

पाण्याने दोन्ही शहरांना एकाच्या पाठोपाठ एक इंगा दाखवला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदी घरांत शिरली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगून सुरतेचा बराच मोठा भाग बुडाला. लिंबायतेतून वाहणाऱ्या ओढ्याचे नावही योगायोगाने मिठी खाडीच, आणि जोराच्या पावसात तीही वस्तीत येते. त्याआधी सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो माणसे शहर सोडून गेली होती. खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांतून तेव्हा गेलेली माणसे पुन्हा परत आली. मुंबईच्या संपात गावी गेलेले पुष्कळ गिरणी कामगार कधीच परतले नाहीत, हे येथे आठवावे. प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी महापालिकेला शिस्त लावली. पुढे सुरत देशातील अग्रगण्य स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिली आली.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तोच सर्वांत नाजूक. मराठीचे आद्य व्याकरणकार म्हणून ज्यांचा मान, ते दादोबा पांडुरंग मुंबई सोडून शिक्षक म्हणून सुरतेस राहिले होते. १८४४ साली तेथे निघालेल्या मानवधर्म सभेत त्यांचा पुढाकार होता. आज त्याच शहरातील मराठी मनुष्य घरी जे बोलतो ते त्यांच्या व्याकरणात बसणार नाही. ती अहिराणी आहे. प्रमाण मराठीत ‘रामाचे घर’, अहिराणीत ‘रामनं घर’ आणि गुजरातीत ‘रामनुं घर’. पुण्यात या ‘नं’ला हसतात, सुरतेत तो कोणाच्या कानाला खटकत नाही. त्यामुळे पहिल्या पिढीला गुजराती शिकावीच लागली नाही, ती अंगवळणी पडली. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते, ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असेल. पण पुढे महाविद्यालय गुजराती किंवा इंग्रजी, नोकरीचा अर्ज गुजराती, आणि बाजार हिंदी. मराठी शाळेत घातलेल्या मुलाचे पुढे काय, ही चिंता बापाला बारा तास मागावर उभे असतानाही सोडत नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला अनेक चिंता होत्या, ही नव्हती.

कोणते शहर आपले, हे माणूस सणाला ठरवतो. कोकणातला मुंबईकर आजही गणपतीला खोलीस कुलूप लावून गावी जातो. देव तेथे आहे, घर तेथे आहे. खानदेशाचा तसा सण श्रावणातील कानबाईचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना आणि सोमवारी विसर्जन. त्या वेळी कुळातील पुरुषमाणसे मोजून गहू घेतात, त्याचे ‘रोट’ होतात आणि ते भाऊबंदांनी एकत्र बसूनच खावयाचे असतात. म्हणून दूरचा माणूसही गावी धावत येई. आता सुरतेतच कानबाई बसते, मिरवणुका निघतात, लिंबायत-दिंडोलीच्या गल्ल्या त्या दोन दिवसांत ओळखू येत नाहीत. एका कुळाचे रोट मात्र दोन ठिकाणी होत नाहीत. तेव्हा श्रावण जवळ आला की फोन सुरू होतात. गावी राहिलेला थोरला भाऊ सुरतेतल्या धाकट्याला विचारतो, आणि सुरतेतला गावच्याला: यंदा रोट कुठे?