विस्कॉन्सिनचं पत्र : पातं फिरलं पाहिजे

अमेरिकेत सगळं दुकानात तयार मिळतं, हा कराडात पक्का झालेला समज. हिवाळ्यात उत्तर विस्कॉन्सिनच्या एखाद्या तळघरात डोकावा म्हणजे तो उतरेल. बाहेर तळी गोठलेली आणि आत म्हातारे पकडीनं स्टेनलेसची तार वळत बसलेले. खटाटोप सगळा मस्कीसाठी. 1955 पासून हा राज्याचा मानाचा मासा. तोंडभर दात, आणि दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक लागतो अशी ख्याती.

शेजारच्या आजोबांनी मलाही फिरत्या पात्याचं आमिष बनवायला बसवलं. तारेवर पातं धरणारी चिमुकली कडी, तिच्याखाली मणी. मणी विसरलात तर कडी घासते आणि पातं अडतं. गोल पातं पाण्याला दणके देतं, लांबट पातं तारेलगत निमूट फिरतं. मग तारेच्या टोकाला डोळा, त्यात दुसऱ्या तारेचा डोळा, आणि मागं केसाळ तीनकाट्यांचा गळ. तार एकसंध लांब असली तर मासा डोकं झटकतो आणि तिच्याच जोरावर गळ उपटून टाकतो. सांधा असला की मागचा भाग नुसता झुलतो.

केस हरणाच्या शेपटीचे, नोव्हेंबरच्या शिकारीतले. अँटिगो गावची मेप्स कंपनी तर खारीच्या शेपट्या विकत घेते! आपल्याकडे हरणाची शेपटी घरात सापडली, तर 1972 चा वन्यजीव कायदा घेऊन वनखातं दारात.

आमचे मामा खोडशी बंधाऱ्याखाली मरळीला जिवंत बेडूक लावायचे. खर्च शून्य, रात्री कालवण. इथं हिवाळाभर खपून केलेल्या गळाला अखेर मस्की लागला, तर आजोबांनी रुतलेले काटे कटरनं तोडले, मासा मोजला आणि सोडून दिला. “अहो, खायचा नाही?” म्हटलं, तर मी त्यांचा कुत्राच कापायला मागितला असं बघत राहिले.

चीड येते ती इथंच. ओगलेवाडी-किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात असली कडी डोळे मिटून वळतील असे हात पडलेत. आणि आपण डोहात जिलेटिन टाकतो. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तो काही गळ टाकून नव्हे, दूषित पाण्यानं. इथलेही सगळे साधू नाहीत, म्हणून तर बहुतेक तळ्यांवर 40 इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही, वरचाही दिवसाला एकच.

बेडकाऐवजी फिरतं पातं लावून कुणी कृष्णा-कोयनेत मरळ धरली असेल, तर पात्याचा आकार तेवढा जरूर कळवा. तार मी घेऊन येतो.